चाबूक आणि मतपेटी

मुहम्मदु बुहारी नायजेरियाच्या सत्तास्थानी दोन वेळा आले. पहिल्या वेळी त्यांस कोणी बोलाविले नव्हते. १९८३ सालच्या डिसेंबरच्या ३१ तारखेस सानी अबाचा नामक एका ब्रिगेडियरने नभोवाणीवरून देशाला कळविले की, लोकनियुक्त सरकार संपुष्टात आले असून राज्यकारभार सैन्याने हाती घेतला आहे. आणि त्या सैन्याने आपला म्हणून जो प्रमुख पुढे केला, ते मेजर जनरल बुहारी. दुसऱ्या वेळी, २०१५ सालच्या मे महिन्याच्या २९ तारखेस, ते अबुजा येथे सरन्यायाधीशांसमोर शपथ घेऊन आले, आणि त्या वेळी त्यांच्या पाठीशी दीड कोटीहून अधिक मते होती. जे दार लाथेने उघडले, तेच दार एकतीस वर्षांनी कडी वाजवून उघडून घेण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. २०२५ च्या जुलैच्या १३ तारखेस, वयाची ८२ वर्षे पूर्ण केलेले हे गृहस्थ लंडन येथे निवर्तले आणि दोन दिवसांनी आपल्या दौरा या जन्मगावी मातीआड झाले.

अशा मनुष्याविषयी दोन मते तयार असतात. एक म्हणते, हुकूमशहाचा लोकशाहीवादी झाला, पाहा मतपेटीचा महिमा! दुसरे म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. बुहारी बदलले नाहीत, हे दुसऱ्या मताइतकेच आम्हीही म्हणू. परंतु ते बदलले नाहीत म्हणून काही बिघडले नाही काय, किंवा बिघडले तर किती, हा प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नसून त्यांच्या भोवतीच्या कुंपणाचा आहे. पहिल्या वेळी कुंपण नव्हते. दुसऱ्या वेळी होते. ते मोडके होते, जागोजागी उपटलेले होते, पण होते.

आधी त्यांच्या घडणीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यात आपल्या देशाचाही थोडा हात आहे. १९६४ साली कडुना येथे नायजेरियाची लष्करी प्रबोधिनी उभी राहिली ती भारतीय अधिकाऱ्यांच्या साहाय्याने. बुहारी स्वतः १९७३ साली निलगिरीतील वेलिंग्टनच्या आपल्या स्टाफ कॉलेजात शिकून गेले. त्यांस पुढे पदच्युत करणारे इब्राहिम बाबांगिडा हे देहरादूनचे विद्यार्थी. आणि त्यांच्याआधी लष्करी राज्यकर्ते व पुढे निर्वाचित अध्यक्ष झालेले ओलुसेगुन ओबासांजो यांनी १९६५ साली पुण्यात लष्करी अभियांत्रिकीचे धडे घेतले होते. शिक्षण तेच, कवायत तीच, मेसमधले रीतीरिवाजही तेच. मग येथील सेनापती निवृत्तीनंतर बागकाम करतात आणि तेथील राष्ट्रपतिभवनात जातात, याचे कारण कवायतीच्या मैदानावर शोधून सापडावयाचे नाही. १९६६ सालातील दोन रक्तरंजित उठाव, त्यापाठोपाठ १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्राचे यादवी युद्ध, आणि त्या युद्धात दहा हजारांच्या आसपासच्या सैन्याचे झालेले दोन लाखांवरचे सैन्य, हे त्याचे खरे कारण. बुहारी त्या युद्धातून वर आले. तिशी ओलांडली न ओलांडली तो प्रांताचे लष्करी राज्यपाल झाले, आणि त्यानंतर त्यांच्याकडे तेलखाते आले.

१९८३ अखेरचा उठाव लोकांनी नापसंत केला असे मुळीच नाही. शेहू शगारी यांच्या सरकारात तेलाचा पैसा पाण्यासारखा वाहिला होता, आणि जगात तेलाचे भाव कोसळताच ते पाणी आटून तळाचा गाळ सर्वांस दिसला होता. त्या वर्षीची निवडणूकही घोटाळ्यांनी बरबटलेली होती. तेव्हा कोणी तरी उंच, सडपातळ, न हसणारा, आणि ज्याच्यावर लाचेचा डाग नाही असा सेनाधिकारी पुढे आला, तर लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकावा, हे स्वाभाविक होते. आम्ही त्या लोकांस हसणार नाही.

वीस महिने हे राज्य चालले. त्याचे घोषवाक्य शिस्त हे होते. १९८४ च्या मार्चमध्ये 'बेशिस्तीविरुद्ध युद्ध' पुकारण्यात आले. बसथांब्यावर रांग लावली पाहिजे. लावली नाही तर शिपाई चाबूक घेऊन उभा आहे. कचेरीत वेळेवर आले पाहिजे. उशीर झाला तर सरकारी कारकुनाने भर अंगणात बेडूकउड्या मारल्या पाहिजेत. या गोष्टी ऐकून आजही पुष्कळांस बरे वाटते. रांगा लागल्या, हे खरेच आहे. पण चाबूक बसथांब्यापाशी थांबत नाही, हे त्या कौतुकात विसरले जाते. फर्मान क्रमांक २ अन्वये कोणासही चौकशीवाचून स्थानबद्ध करता येऊ लागले. फर्मान क्रमांक ४ तर आमच्याच धंद्यासाठी होते: सरकारची वा सरकारी अधिकाऱ्याची अप्रतिष्ठा होईल असा मजकूर छापणे हाच गुन्हा ठरविण्यात आला. लागोस येथील 'द गार्डियन' या दैनिकाचे दोन बातमीदार या फर्मानाखाली तुरुंगात गेले. त्यांनी काय छापले होते? बंडाची चिथावणी? नाही. परदेशी वकिलातींवर कोणाच्या नेमणुका होणार, याची बातमी त्यांनी छापली होती!

आणि फर्मान क्रमांक २०. या फर्मानाने मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापारास देहान्त शिक्षा ठरविली, आणि ती मागील तारखेपासून लागू केली. १९८५ च्या एप्रिलमध्ये लागोस येथे तीन तरुणांना खांबास बांधून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांपैकी एकाने तरी जेव्हा गुन्हा केला तेव्हा त्या गुन्ह्यास मृत्युदंड नव्हता, कैद होती. धर्मगुरू, वकील, लेखक अशा पुष्कळांनी दयेची याचना केली. ती फुकट गेली. कायद्याचे काही अर्थ असतील ते असोत, पण ज्या क्षणी मनुष्य कृत्य करतो त्या क्षणी त्याच्यासमोर जो कायदा असतो त्यानेच त्यास तोलावे, हा किमान अर्थ आहे. तो ज्या शिस्तीला कळत नाही, तिला शिस्त का म्हणावयाचे? तीस वर्षांनी, निवडणुकीच्या तोंडावर लंडनमध्ये भाषण करताना बुहारी यांनी आपल्या कारकीर्दीत जे काही घडले त्याची जबाबदारी स्वीकारली. भूतकाळ मला बदलता येत नाही, वर्तमान आणि भविष्य बदलता येईल, असे ते म्हणाले. ते उत्तर सभ्य होते. त्या तीन घरांस ते कितपत पुरले असेल, हे आम्ही कसे सांगावे?

याच काळातील एक प्रकरण कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही ते अतिशयोक्त म्हणून परत पाठविले असते. शगारी मंत्रिमंडळातील उमारू डिक्को हे लंडनला पळून गेले होते आणि तेथून नव्या सरकारवर टीका करीत होते. १९८४ च्या जुलैत भर दिवसा त्यांच्या घराबाहेरून त्यांस पळविण्यात आले, गुंगीचे औषध टोचून लाकडी पेटाऱ्यात घालण्यात आले, आणि तो पेटारा राजनैतिक सामान म्हणून स्टॅन्स्टेड विमानतळावर लागोसच्या विमानापाशी येऊन पोचला. कागदपत्रे रीतसर नाहीत, एवढ्या एका कारणावरून जकात अधिकाऱ्याने पेटारा उघडावयास लावला. आत डिक्को बेशुद्ध होते आणि शेजारी भूल देणारा एक इस्रायली डॉक्टर जागा बसला होता! नायजेरियाच्या सरकारने हात झटकले. पण जे राज्य घरातल्या प्रत्येक कारकुनास घड्याळ शिकवीत होते, त्याच्या वतीने निघालेला पेटारा कागद पुरा नव्हता म्हणून पकडला जावा, यातला विनोद बुहारी यांस कोणी समजावून दिला असेल असे वाटत नाही.

शिक्षेतही समता नव्हती. पदच्युत अध्यक्ष शगारी घरी नजरकैदेत, आणि त्यांचे दक्षिणेकडील उपाध्यक्ष अलेक्स एक्वुएमे तुरुंगात, हा भेद लोक विसरले नाहीत. फेला कुटी यांच्यासारखा लोकप्रिय गायक परकीय चलनाच्या आरोपावरून पाच वर्षांसाठी आत गेला. परदेशी मजूर लाखांनी हाकलण्यात आले. रुपयासारखेच तेथील नायरा हे चलन. त्याचे अवमूल्यन करण्यास बुहारी यांनी निश्चयाने नकार दिला, आणि त्या एका मुद्द्यावर त्यांची बाजू घेणारे अर्थशास्त्रज्ञ आजही भेटतील. पण दुकाने रिकामीच राहिली. शेवटी १९८५ च्या ऑगस्टच्या २७ तारखेस बाबांगिडा यांनी त्यांस बाजूस केले. ज्या राज्यकर्त्याने शेकडो लोकांस चौकशीवाचून डांबले, तो स्वतः चौकशीवाचून तीन वर्षे अटकेत राहिला. लष्करी राज्यात राज्यकर्ता बदलण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दुसरा लष्करी अधिकारी. आणि तो येताना शिक्षेची तीच हत्यारे घेऊन येतो.

यानंतरची गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे, आणि ती आम्ही हात आखडता न घेता सांगतो. २००३, २००७ आणि २०११ अशा तीन वेळा बुहारी अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले. २००७ ची निवडणूक तर निरीक्षकांनी एकमुखाने सदोष ठरविली होती. प्रत्येक वेळी ते न्यायालयात गेले, प्रत्येक वेळी हरले, आणि प्रत्येक वेळी घरी परतले. २०११ च्या निकालानंतर उत्तरेत त्यांच्या समर्थकांनी दंगली केल्या आणि आठशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली; तो कलंक त्यांच्या राजकारणावर कायमचा राहील. तरीही ज्याने एकदा रणगाड्याच्या जोरावर सत्ता घेतली, त्याने बारा वर्षे मतदारांच्या दारात उभे राहावे, उमेदवारी अर्जाची २ कोटी ७५ लाख नायरा ही रक्कम भरण्यास बँकेतून कर्ज काढावे, हे दृश्य आफ्रिकेतच काय, आशियातही रोज दिसत नाही.

२०१५ च्या मार्चमध्ये ते निवडून आले, तेव्हा त्यांना १ कोटी ५४ लाख आणि विद्यमान अध्यक्ष गुडलक जोनाथन यांना १ कोटी २८ लाख मते पडली. नायजेरियाच्या इतिहासात सत्तेवरील अध्यक्ष मतपेटीने पाडला जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवसाचे श्रेय बुहारी यांस देण्याची प्रथा पडली आहे. आमच्या मते ते प्रथम जोनाथन यांचे, कारण निकाल पुरा जाहीर होण्याच्या आतच दूरध्वनी करून त्यांनी पराभव मान्य केला. आणि नंतर निवडणूक आयोगाचे अध्यक्ष अत्ताहिरू जेगा यांचे. बुहारी यांनी स्वतःचे वर्णन लोकशाहीचा धर्म नव्याने स्वीकारलेला माजी लष्करी राज्यकर्ता असे केले होते. धर्मांतर खरे की खोटे, हे कोणत्याही धर्मात दीक्षेच्या दिवशी कळत नाही.

ते पुढील आठ वर्षांत कळले. मंत्रिमंडळ बनविण्यासच जवळजवळ सहा महिने लागले; ज्यांना लोकांनी कडक सेनापती म्हणून निवडले, त्यांस लोक गमतीने 'बाबा गो स्लो' म्हणू लागले. २०१६ साली देश मंदीत गेला. २०१७ साली ते उपचारांसाठी कितीतरी महिने लंडनमध्ये होते. बोको हराम या अतिरेक्यांच्या ताब्यातील पुष्कळसा मुलूख सैन्याने परत घेतला, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. पण त्याच कारकीर्दीत वायव्येकडील दरोडेखोरांनी धुमाकूळ घातला, आणि २०२० च्या डिसेंबरात बुहारी आपल्या गावी मुक्कामास असतानाच त्यांच्याच कात्सिना प्रांतातून कंकारा येथील तीनशेहून अधिक शाळकरी मुले पळविली गेली. वैयक्तिक प्रामाणिकपणाविषयी त्यांच्या शत्रूंनीही क्वचितच शंका घेतली. एक माणूस प्रामाणिक असला म्हणजे राज्य प्रामाणिक होत नाही, एवढेच त्या आठ वर्षांनी दाखविले.

कायद्याविषयीची त्यांची खरी समजूत मात्र २०१८ च्या ऑगस्टमध्ये उघड झाली. देशातील वकिलांच्या परिषदेपुढे, म्हणजे ज्यांच्यासमोर हे बोलावयास विलक्षण धैर्य लागते त्यांच्याच समोर, त्यांनी सांगितले की, कायद्याचे राज्य हे राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या आणि राष्ट्रहिताच्या अधीन असले पाहिजे. १९८४ च्या फर्मान क्रमांक २ चा हाच भावार्थ होता! त्याप्रमाणे ते वागतही होते. २०१५ च्या डिसेंबरात झारिया येथे सैन्याने शिया पंथीयांच्या एका संघटनेवर गोळीबार केला. ३४७ प्रेते सामुदायिक खड्ड्यात पुरल्याचे खुद्द राज्य सरकारच्या अधिकाऱ्याने चौकशी आयोगापुढे सांगितले. त्या संघटनेचे प्रमुख इब्राहिम अल-झकझाकी यांस मुक्त करा, असा हुकूम संघीय न्यायालयाने २०१६ साली दिला. ते सुटले २०२१ साली, आणि तेही दुसऱ्या न्यायालयाने सर्व आरोपांतून निर्दोष ठरविल्यावर. २०१९ च्या निवडणुकीस काही आठवडे उरले असता सरन्यायाधीशांसच निलंबित करण्यात आले. पोलिसी अत्याचारांविरुद्ध २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तरुण रस्त्यावर आले, तेव्हा लागोसच्या लेक्की नाक्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. २०२१ च्या जूनमध्ये ट्विटरने अध्यक्षांचा एक धमकीवजा मजकूर काढून टाकला, तर सरकारने ट्विटरच सात महिने बंद ठेवले. फर्मान क्रमांक ४ ची आठवण यावी असाच हा सारा प्रकार होता.

पण एक प्रसंग असा आहे की, तो पहिल्या आणि दुसऱ्या बुहारींस शेजारी शेजारी उभे करतो, आणि आपल्या वाचकांस तो समजावून सांगण्याची गरजही पडणार नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात बँकांपुढील रांगांत त्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच तो भोगला आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये लष्करशहा बुहारी यांनी नायराच्या नोटांचे रंग बदलले, सीमा बंद केल्या आणि जुन्या नोटा बदलून घेण्यास अगदी थोडे दिवस दिले. फर्मान निघाले, विषय संपला. २०२२ च्या अखेरीस अध्यक्ष बुहारी यांनी पुन्हा २००, ५०० आणि १००० नायराच्या नोटा बदलल्या आणि पुन्हा तशीच तोकडी मुदत दिली. नव्या नोटा पुरेशा छापल्याच नव्हत्या. लोकांजवळ भाजी घ्यावयास पैसा उरला नाही. बँकांसमोर हाणामाऱ्या झाल्या. येथपर्यंत १९८४ आणि २०२३ यांत फरक नाही. फरक यापुढे आहे. या वेळी राज्य सरकारे सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि नवल असे की पहिली तीन राज्ये अध्यक्षांच्याच पक्षाची होती. न्यायालयाने मुदतीस तात्पुरती मनाई केली. बुहारी यांनी ती मानली नाही. नभोवाणीवरून सांगितले की फक्त २०० च्या जुन्या नोटा चालतील. २०२३ च्या मार्चच्या ३ तारखेस न्यायालयाने अध्यक्षांच्या या वर्तनावर कडक ताशेरे ओढले आणि जुन्या सर्व नोटा वर्षअखेरपर्यंत वैध ठरविल्या. आणि त्या चालल्या. सैन्य बराकीतच राहिले. न्यायाधीश घरी झोपले.

मनुष्य तोच, नोटाही त्याच, आणि घाईही तीच होती. निराळी होती ती फक्त एक इमारत, जिच्यात जाऊन कडुनाच्या राज्यपालास आपल्याच अध्यक्षाविरुद्ध फिर्याद मांडता आली. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या २९ तारखेस दोन मुदती पुऱ्या होताच बुहारी यांनी सत्ता बोला टिनुबू यांच्या हाती दिली आणि ते दौऱ्यास निघून गेले. तिसऱ्या मुदतीची खटपट त्यांनी केली नाही. ओबासांजो यांच्यासाठी २००६ साली घटनादुरुस्तीची ती खटपट झाली होती आणि सिनेटने ती हाणून पाडली होती. तेव्हा हाही केवळ सद्गुण म्हणावा की पूर्वी ठेच लागलेल्या दगडाची आठवण, हे ज्याने त्याने ठरवावे.

आमच्याकडे रेल्वेच्या डब्यात, चहाच्या टेबलावर, आणि वाईट हे की शिकल्यासवरल्या मंडळींत, 'पाच वर्षे देश लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होईल' हे वाक्य दर आठवड्यास ऐकू येते. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत गाड्या वेळेवर धावत होत्या, हेही त्याच्या जोडीला येते. या मंडळींनी नायजेरियाचा अनुभव पाहावा असे आम्ही म्हणत नाही. तेथे त्यांना बसथांब्यावरची रांग तेवढी दिसेल. त्यांनी एवढेच विचारात घ्यावे की, २०१५ साली नायजेरियातील लक्षावधी सुशिक्षितांनी हेच स्वप्न पाहून मत दिले, त्यांस तो कडक हात मिळाला, आणि मग त्याच हाताने हिरावलेली आपलीच नोट परत मिळविण्यास त्यांना काळ्या झग्यातील न्यायाधीशांकडे धाव घ्यावी लागली.

हे सारे आज पुन्हा काढण्यास कारण आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत २०२० पासून उठावांची एक नवी माळ लागली: माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर, गॅबन. यांतील गॅबनचे सेनापती ब्रिस ओलिगी न्गेमा यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये सत्ता घेतली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी ते अध्यक्ष निवडून आले. लष्करी राज्यकर्ता आणि मग निर्वाचित अध्यक्ष, ही बुहारींची ओळख त्यांनाही मिळाली. दोहोंतील अंतर मात्र पाहावे. बुहारींना सिंहासनावरून उतरल्यावर तीस वर्षे आणि तीन पराभव लागले. ओलिगी यांना सिंहासनावर बसूनच वीस महिन्यांच्या आत ते साधले. मतदानाची वेळ येईतो नवी राज्यघटना झाली होती, सैनिकास उमेदवार होऊ देणारा निवडणूक कायदा झाला होता, आणि मतदान ज्याच्या देखरेखीखाली व्हावयाचे तो अध्यक्षही उमेदवारच होता. त्यांच्यावर सत्तेवाचून घरी बसण्याची पाळी एकदाही आली नाही. नव्या घटनेप्रमाणे त्यांची मुदत सात वर्षांची आहे, आणि पुन्हा एकदा उभे राहण्याची मुभाही तीत आहे.